सरहद्दीची वचने आणि मतदाराचे प्रश्न



निवडणुकीच्या दिवसांत वचनांना तोटा नसतो. रस्ता, पाणी, धानाला भाव, मुलांना नोकरी ही वचने जुनी होत, आणि ती पुरी झाली की नाही हे मतदारास स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. रस्ता झाला नाही तर पावसाळ्यात चाक रुतते. भाव मिळाला नाही तर घरातील हिशेबाची वहीच ते सांगते. परंतु अलीकडे एक वचन असे निघाले आहे की, ते पुरे झाले किंवा नाही हे गोंदियासारख्या ठिकाणच्या मतदारास सहजासहजी पाहता यावयाचे नाही. देशात चोरून शिरलेल्या परकीयांना हुसकून लावू आणि सरहद्द कडेकोट बंद करू, हे ते वचन होय. गोंदियाहून हावड्यापर्यंतचा लोहमार्गच सुमारे हजार किलोमीटरांचा. बांगलादेशाची सरहद्द त्याच्याही पलीकडे. जिल्ह्याला लागून असलेल्या सीमा आहेत त्या मध्यप्रदेशाच्या आणि छत्तीसगडच्या, आणि त्या ओलांडावयास कोणाचा परवाना लागत नाही. असे असूनही हे वचन टाळ्या घेते. अशा वचनाची परीक्षा मतदाराने कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न गोंदियाकरांना अगदीच परका आहे असे मात्र कोणी समजू नये. देशाच्या सरहद्दी ज्यांना ओलांडाव्या लागल्या अशा दोन समाजांची वस्ती याच जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर ही नावे ऐकली की ती मूळची झाडीपट्टीतील नव्हेत हे तेव्हाच कळते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने येथे आणून वसविले. १९४७ च्या फाळणीनंतर हा ओघ कधी मंद तर कधी प्रचंड असा चालूच राहिला. ८ एप्रिल १९५० रोजी नेहरू आणि लियाकत अली यांच्यात करार झाला, १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांच्या दरम्यान पारपत्राची पद्धत सुरू झाली. पण १९६४ च्या दंगलींनी पुन्हा लाखो माणसांना घराबाहेर काढले. पश्चिम बंगालात जागा उरली नव्हती. तेव्हा १९५८ साली निघालेल्या दंडकारण्य योजनेखाली आणि तिच्यासारख्या इतर योजनांखाली ही कुटुंबे ओरिसा, मध्यप्रदेश आणि महाराष्ट्रातील चांदा व भंडारा या त्या वेळच्या जिल्ह्यांतील जंगलमुलखात पाठविण्यात आली. नदीकाठी मासे आणि भात यांवर वाढलेली ती माणसे येथे येऊन झाडे तोडून शेते करू लागली. तळ्यांचा आणि धानाचा हा मुलूख त्यांना त्या मानाने मानवला. आज त्यांची तिसरी आणि चौथी पिढी शाळेत मराठी शिकते आणि घरी बंगाली बोलते.

दुसरा समाज तिबेटी लोकांचा. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी आले. त्यांच्यासाठी देशात ज्या वसाहती झाल्या त्यांपैकी एक, नोर्ग्येलिंग या नावाची, १९७२ साली गोठणगावजवळ प्रतापगडच्या पायथ्याशी स्थापन झाली. तो प्रदेश तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून तो गोंदियात आला. हिवाळा आला की शहरांतील पदपथांवर लोकरीचे स्वेटर मांडून बसणारी तिबेटी माणसे नागपूर-पुण्याच्या प्रत्येक घराने पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांचे पावसाळ्यातील शेत या वसाहतीत असते.

सरहद्दीच्या वचनाची परीक्षा ह्या दोन वस्त्यांच्या उंबरठ्यावर उभे राहून केली तर ती अधिक नीट होते. कारण तेथे 'परकीय' हा शब्द हवेतला राहत नाही, त्याला घर, शेत आणि शिधापत्रिका असते.

तत्पूर्वी वचन देणाऱ्याचा पूर्वपक्ष न्यायाने मांडला पाहिजे. आपल्या भूमीवर कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, आणि तो नसेल तर राष्ट्र हा शब्दच पोकळ होईल. शिवाय लोकसंख्येच्या पालटाची भीती सर्वस्वी काल्पनिक नाही. त्रिपुरात १९०१ साली आदिवासींची संख्या निम्म्याहून अधिक होती. २०११ च्या खानेसुमारीत ती ३२ टक्क्यांच्या आत आली. आसामात १९७९ साली मंगलदोई मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीसाठी याद्या तपासताना परकीयांची नावे निघाली असे आक्षेप झाले, आणि त्यातून जे आंदोलन पेटले ते सहा वर्षे चालले. १८ फेब्रुवारी १९८३ रोजी नेल्लीच्या परिसरात एका दिवसात दोन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. पुढे १५ ऑगस्ट १९८५ रोजी आसामचा करार झाला. १२ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, परकीय हुडकण्याचे काम अवघड करून ठेवणारा १९८३ चा कायदा रद्द केला आणि अनिर्बंध घुसखोरी हे एक प्रकारचे परकीय आक्रमण होय असे मत नोंदविले. इतके झाल्यावर 'प्रश्नच नाही' असे म्हणणे हे डोळ्यांवर कातडे ओढून घेणे होय. परंतु प्रश्न खरा आहे एवढ्याने त्यावरील प्रत्येक उपाय खरा ठरत नाही. वैद्याने ताप आहे हे बरोबर ओळखले म्हणून त्याची प्रत्येक मात्रा लागू पडेलच असे नाही. म्हणून मतदाराने पुढील प्रश्न शांतपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारावेत.

पहिला प्रश्न अधिकाराचा. 'हे काम ज्या सभेत आपण निवडून जाऊ इच्छिता त्या सभेचे आहे काय?' राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राने करावयाच्या कामांची जी यादी आहे तिच्यात १७ व्या क्रमांकावर नागरिकत्व आणि परकीय व्यक्ती, आणि १९ व्या क्रमांकावर देशात प्रवेश, देशाबाहेर घालविणे, पारपत्रे आणि प्रवेशपत्रे हे विषय आहेत. सरहद्दीवर पहारा करणारे सीमा सुरक्षा दल १ डिसेंबर १९६५ रोजी स्थापन झाले, तेही केंद्राचेच. तेव्हा २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत गोंदिया, तिरोडा, आमगाव आणि अर्जुनी मोरगाव या चार जागांसाठी उभा असलेला कोणताही उमेदवार सरहद्दीचा एक खांबसुद्धा हलवू शकत नव्हता. त्याला एवढेच म्हणता आले असते की, राज्याचे पोलीस परकीयांचा शोध घेतात तो प्रामाणिकपणे आणि कायद्याने घेतील, आणि खोटे दाखले विकणाऱ्या दलालांवर खटले होतील. हे वचन लहान असले तरी खरे आहे. मोठ्या वचनाच्या मागे दडून लहान कर्तव्य टाळावयाचे, ही राजकारणातील जुनी युक्ती आहे. लोकसभेच्या उमेदवाराची गोष्ट वेगळी. त्याला कायदा करता येतो, म्हणून त्याच्याकडे कायद्याचा मसुदा मागावा. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून १९२०, १९३९ आणि १९४६ सालचे जुने कायदे रद्द होऊन परकीयांविषयीचा नवा एकत्रित कायदा अमलात आला आहे, त्यात आणखी काय कमी आहे असे त्याला विचारावे.

दुसरा प्रश्न संख्येचा. 'हे परकीय किती आहेत आणि तो आकडा कोणी मोजला?' जुलै २००४ मध्ये केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले की, २००१ सालच्या अखेरीस देशात १,२०,५३,९५० बांगलादेशी बेकायदा राहत होते. शेवटच्या पन्नासापर्यंत मोजलेला हा आकडा ऐकून कोणासही वाटेल की, घरोघर जाऊन मोजणी झाली असावी. परंतु थोड्याच दिवसांत, ही माहिती भरवशाची नाही, असे खुद्द सरकारलाच सांगावे लागले. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच सभागृहात हा आकडा सुमारे दोन कोटी सांगण्यात आला. बारा वर्षांत ऐंशी लाखांनी वाढलेली ही संख्या कोणत्या रीतीने काढली, याचे समाधानकारक उत्तर आजवर लोकांपुढे आलेले नाही. चोरून आलेला माणूस आपण होऊन नाव नोंदवीत नाही, ही अडचण खरी. पण मोजता येत नाही ते 'मोजता येत नाही' असे सांगणे, आणि मोजले नाही ते मोजल्याचा आव आणणे, यांत सत्य आणि असत्य यांइतके अंतर आहे. २०११ नंतरची खानेसुमारी २०२१ मध्ये व्हावयाची होती. ती लांबली आणि १६ जून २०२५ रोजी २०२७ च्या खानेसुमारीची अधिसूचना निघाली. तोपर्यंतच्या काळात ज्याने ज्याने व्यासपीठावरून लोकसंख्येच्या पालटाचा नेमका आकडा सांगितला, त्याने तो जुन्या पायावर अंदाजाचे मजले चढवूनच सांगितला, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

तिसरा प्रश्न ओळखीचा, आणि सर्वांत कठीण तोच. 'परकीय कोण आणि आपला कोण हे कशावरून ठरविणार?' बोलीवरून ठरविता येत नाही. कारण अरुणनगरच्या शेतकऱ्याची आणि बांगलादेशातील शेतकऱ्याची बोली एकाच खाडीच्या पाण्यावर वाढलेली आहे. चेहऱ्यावरूनही नाही; मग उरतात ते कागद. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत जो भारतात जन्मला तो केवळ जन्माने नागरिक होय. त्या तारखेपासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यास आईबापांपैकी एक तरी नागरिक असल्याचे दाखवावे लागते. आणि त्यानंतर जन्मलेल्याच्या बाबतीत दोघेही नागरिक, अथवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नाही, असे असावे लागते. म्हणजे आजच्या वीस वर्षांच्या मुलाला स्वतःचा जन्मदाखला पुरत नाही. त्याला आईबापांच्या कागदांपाशी, आणि त्यांना कदाचित आजोबांच्या निर्वासितपत्रापाशी जावे लागते. कुडाच्या घरात, पन्नास पावसाळे आणि वाळवी यांतून वाचलेला कागद किती जणांच्या ट्रंकेत सापडेल? आणि हे केवळ बंगाल्यांचेच नव्हे. विड्या वळून किंवा तेंदूपत्ता तोडून पोट भरणाऱ्या, ज्याचे मूळगाव याच जिल्ह्यात आहे अशा गोंडाच्या घरी तरी आजोबांचा जन्मदाखला असेल काय? परकीय असल्याचा संशय आल्यावर आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने संशयितावरच टाकला आहे. तेव्हा ज्याच्याजवळ कागद कमी त्याला भय अधिक, मग तो कितीही पिढ्यांचा भूमिपुत्र असो.

आसामात हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहण्यात आला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली, काही वर्षे खपून, हजारो कर्मचारी लावून आणि हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च करून ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिकांची यादी प्रसिद्ध झाली. ३,३०,२७,६६१ अर्जदारांपैकी १९,०६,६५७ जणांची नावे तीत आली नाहीत. ज्यांनी यादीची मागणी केली होती त्यांना ही संख्या फार थोडी वाटली, आणि ज्यांची नावे गळली त्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही निघाल्यामुळे उभयपक्षी असंतोष झाला. वगळलेल्यांना दाद मागता यावी म्हणून नाकारल्याचे लेखी कारण द्यावयाचे होते. तेही पुढील कित्येक वर्षे त्यांच्या हाती पडले नाही. त्याच सालच्या मे महिन्यात, लष्करात तीस वर्षे चाकरी करून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यास न्यायाधिकरणाने परकीय ठरविले आणि त्यास कोठडीत ठेवण्यात आले. गुवाहाटीच्या उच्च न्यायालयाने जून महिन्यात त्यास जामिनावर सोडले. लष्कराचे कागद जवळ असलेल्या माणसाची ही गत झाली. जो उमेदवार अशीच यादी महाराष्ट्रात करू म्हणतो त्याने, आसामच्या अनुभवातून आपण काय निराळे करणार, हे आधी सांगितले पाहिजे.

चौथा प्रश्न असा की, 'पाठविणार कोठे, आणि घेणार कोण?' ह्या बाबतीत महाराष्ट्राला परक्या प्रांताचा दाखला शोधण्याची गरज नाही. १९९५ साली शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांचे सरकार राज्यात आले. मुंबईतील बांगलादेशी घुसखोरांना बाहेर काढण्याची घोषणा त्यांच्या प्रचारात होती. जुलै १९९८ मध्ये त्याप्रमाणे तिसाहून अधिक माणसांना पोलिसांच्या पहाऱ्यात कुर्ला-हावडा गाडीने सरहद्दीकडे रवाना करण्यात आले. गोंदिया हे ज्या लोहमार्गावरील मोठे जंक्शन आहे त्याच मार्गाने ती गाडी गेली. हावडा काही कोसांवर राहिले असता उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडविली आणि त्या माणसांना उतरवून नेले. ही माणसे पश्चिम बंगालची रहिवासी आहेत आणि आपणांस विश्वासात न घेता त्यांना पाठविले जात आहे, अशी त्या राज्याच्या सरकारची तक्रार होती. मुंबईचे पोलीस म्हणत की, ती बांगलादेशीच आहेत. कोण खरे होते याचा निवाडा एकेका माणसापुरता न्यायालयात व्हावयास हवा होता. तो झाला आगगाडीच्या फलाटावर, दगडांनी. दोन राज्यांच्या सरकारांत एकवाक्यता नसेल, आणि समोरच्या देशाने हा आमचा माणूस आहे असे कबूल केले नसेल, तर हद्दपारीचा हुकूम हा पत्ता नसलेल्या पाकिटासारखा होतो. ते कोठेही पोचत नाही, किंवा भलत्याच दारी जाऊन पडते.

हे सत्तावीस वर्षांपूर्वीचे झाले, आता तसे होत नाही, असेही म्हणता येत नाही. जून २०२५ मध्ये मुंबईजवळच्या मीरा रोडसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून पकडण्यात आले, आणि पुरेशी चौकशी न होताच सरहद्दीपलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीय नागरिक असल्याचे त्यांच्या राज्याने दाखवून दिले, तेव्हा दोन्ही देशांच्या पहारेकऱ्यांची भेट होऊन त्यांना परत आणावे लागले. आपल्याच देशाच्या नागरिकाने आपल्याच देशाच्या सरहद्दीबाहेर, हातात काही नसता, रात्र काढावी, याहून त्या सरहद्दीचा मोठा अवमान कोणता?

पाचवा प्रश्न कुंपणाचा. भारत आणि बांगलादेश यांच्यामधील सरहद्द सुमारे ४,०९६ किलोमीटर लांब असून त्यांपैकी ३,२०० किलोमीटरांहून अधिक लांबीवर कुंपण झालेले आहे. उरलेला भाग आळसाने राहिला असे नव्हे. बराचसा नद्यांचा आणि दलदलीचा आहे, आणि त्या नद्या दर पावसाळ्यात आपली पात्रे बदलतात. १९७५ च्या उभयपक्षी ठरावाप्रमाणे प्रत्यक्ष सीमारेषेपासून दीडशे यार्डांच्या आत संरक्षणाचे बांधकाम करावयाचे नाही. त्यामुळे कित्येक भारतीय शेतकऱ्यांची शेते कुंपणाच्या पलीकडे पडली आहेत, आणि त्यांना ओळखपत्र दाखवून ठरावीक वेळी फाटकातून शेतावर जावे लागते. एकमेकांच्या पोटात अडकलेली लहानलहान गावठाणे, भारताची १११ आणि बांगलादेशाची ५१, अदलाबदल होऊन सीमारेषा सरळ होण्यास १९७४ चा करार आणि २०१५ सालचा ऑगस्ट महिना यांच्यामध्ये एकेचाळीस वर्षे गेली. शिवाय नेपाळशी असलेली १,७५१ किलोमीटरांची सरहद्द १९५० च्या तहापासून मोकळीच आहे. आणि कित्येक परकीय तर रीतसर प्रवेशपत्र घेऊन येतात व मुदत संपल्यावर परत जात नाहीत. तेव्हा 'बंद करू' म्हणणाऱ्यास विचारावे की, कोणती सरहद्द, किती खर्चाने, आणि विमानतळावरून आलेल्याचे काय?

या ठिकाणी अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. २०१६ च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या सरहद्दीवर भिंत बांधू आणि तिचे पैसे मेक्सिकोकडूनच घेऊ असे वचन दिले. ती सरहद्द सुमारे ३,१४५ किलोमीटरांची. त्यांच्या पहिल्या चार वर्षांत सव्वासातशे किलोमीटरांच्या आसपास भिंत उभी राहिली, तीही बहुतांशी जुन्या अडथळ्याच्या जागी. आणि पैसे अमेरिकेच्याच तिजोरीतून गेले, काही तर लष्कराच्या बांधकामासाठी ठेवलेल्या रकमेतून. मतदारांनी मात्र २०२४ साली त्यांना पुन्हा निवडून दिले. दुसऱ्या कारकीर्दीच्या आरंभीच, ५ फेब्रुवारी २०२५ रोजी, १०४ भारतीयांना बेड्या घालून आणलेले लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातीलही तीन जण होते. त्या बेड्यांची छायाचित्रे पाहून ज्या घरांत संताप झाला, त्या घरांनी एवढे आठवावे की, परवान्यावाचून गेलेला आपला मुलगा आपणांस पोटासाठी गेलेला दिसतो आणि दुसऱ्याचा मुलगा घुसखोर दिसतो. दोघांनाही परत पाठविण्याचा अधिकार त्या त्या देशाला असेल; पण दोघांनाही माणसासारखे वागविले जावे ही मागणी एकाच तोंडाने करावी लागते.

सहावा आणि शेवटचा प्रश्न समतेचा. 'आपण जो नियम सांगता तो सर्वांना सारखा लागू आहे काय?' २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली. तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. त्या दुरुस्तीचा फायदा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ज्या बंगाली कुटुंबाचे कागद अपुरे असतील त्याला मिळू शकतो. पण त्याच तालुक्यातील, त्याच बुद्धाची उपासना करणाऱ्या तिबेटी कुटुंबाला मिळत नाही, कारण तिबेट त्या तीन देशांत नाही. तिबेट्यांच्या बाबतीत डिसेंबर २०१० मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानेच नागरिक आहे, आणि २०१४ साली निवडणूक आयोगाने अशांची नावे मतदारयादीत घेण्यास सांगितले. म्हणून एकाच घरात आजोबा परकीय म्हणून दाखल्याचे नूतनीकरण करीत आहेत आणि त्यांचा मुलगा मत देण्यास पात्र आहे, असे दृश्य दिसणे शक्य झाले आहे. मायभूमीची आशा सुटू नये म्हणून काही जण नागरिकत्व घेतही नाहीत. अशा माणसास 'परकीय' या एका शब्दात गुंडाळणाऱ्या उमेदवाराने प्रतापगडच्या पायथ्याशी जाऊन तोच शब्द त्यांच्या समोर उच्चारून पाहावा.

बंगाली वस्तीची एक मागणी तर अशी आहे की, तिच्यासाठी सरहद्दीपर्यंत जावेही लागत नाही. या कुटुंबांतील पुष्कळ जण नमःशूद्र समाजाचे आहेत. पश्चिम बंगालात हा समाज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. अर्जुनी मोरगाव हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव. पण तेथील नमःशूद्र मतदार त्या जागेसाठी मत देऊ शकतो, उमेदवार होऊ शकत नाही. ही यादी बदलण्याची शिफारस राज्याने करावयाची आणि कायदा संसदेने करावयाचा. विधानसभेच्या उमेदवाराच्या हातात थोडेफार असलेले काम हे आहे. परंतु दूरच्या सरहद्दीवर गर्जना करणे जितके सोपे, तितके ह्या जवळच्या प्रश्नावर हो किंवा नाही म्हणणे सोपे नाही; कारण हो म्हटले तर यादीतील जुने वाटेकरी रागावतात आणि नाही म्हटले तर बंगाली गावे.

हे प्रश्न एकाच पक्षाच्या उमेदवारास विचारावयाचे आहेत असा गैरसमज होऊ नये. जो उमेदवार घुसखोरीचे नावही काढीत नाही, त्यालाही उभे करून विचारले पाहिजे की, खोटे दाखले देणाऱ्या दलालांचे आपण काय करणार? वीटभट्टीवर आणि इमारतींच्या कामावर अर्ध्या मजुरीने परके मजूर लावून देशी मजुराचा घास काढणाऱ्या ठेकेदाराला आपण हात लावणार काय? मतांच्या आशेने बेकायदा वस्तीकडे डोळेझाक करणे हे औदार्य नव्हे. त्या वस्तीतील माणसाला कायम भीतीत ठेवून त्याच्याकडून कामही घेणे आणि मतही घेणे, ही एक प्रकारची वेठच आहे. परकीयाला हुसकावण्याची घोषणा आणि परकीयाविषयीचे मौन, दोन्हींमध्ये मतदाराचा विश्वास एकाच तऱ्हेने गहाण पडतो.

या मुलखाला येणाऱ्या-जाणाऱ्यांची सवय जुनी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार आपले मूळ माळव्यात सांगतात. तळी बांधणारे कोहळी आपली परंपरा काशीकडे नेतात. १९४७ नंतर सिंधमधून उठून आलेल्या कुटुंबांनी गोंदियाच्या बाजारात दुकाने मांडली. ही सर्व माणसे एकाच कारणाने आली नाहीत, आणि सर्वांना एकच नियम लावून न्याय होणार नाही. राज्याने स्वतः आणून वसविलेला निर्वासित, आश्रय मागून राहिलेला शरणार्थी, पोटासाठी परवान्यावाचून शिरलेला मजूर आणि देशाचे नुकसान करावयास आलेला हेर अथवा गुन्हेगार, हे चार निराळे मनुष्य आहेत. चौघांना एका शब्दात बांधणारे वचन ऐकावयास सुटसुटीत असते. परंतु ज्या दिवशी ते अमलात येते त्या दिवशी हेर निसटतो आणि गौरनगरची म्हातारी तहसील कचेरीच्या रांगेत उभी राहते.

म्हणून सभेला जाताना मतदाराने एक लहानसा कागद जवळ ठेवावा. अधिकार कोणाचा, संख्या कोणी मोजली, ओळख कशावरून, पाठविणार कोठे, कुंपणाचा खर्च किती, आणि नियम सर्वांना सारखा काय, असे सहा प्रश्न त्यावर लिहावेत. उमेदवारास ते अदबीने विचारावेत आणि उत्तर आले तर त्याची तारीख घालून ठेवावी. उत्तर अपुरे असले तरी चालेल. कारण हा प्रश्न खरोखरच अवघड आहे, आणि अवघड प्रश्नाचे अपुरे उत्तर देणारा माणूस प्रामाणिक असू शकतो. परंतु सहाही प्रश्नांना ज्याच्यापाशी एकच घोषणा आहे, त्याने त्या प्रश्नांचा विचारच केलेला नाही असे समजावे. पाच वर्षांनी तोच उमेदवार पुन्हा दारी येईल, तेव्हा तो कागद काढून त्याच्या हाती द्यावा.